मुळेजींचा डावा हात

मुळेजींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचा डावा हात अधू असावा असं मला वाटलं. झाशीत दतिया गेटजवळ आम्ही नवं दुकान घेतलं होतं, त्याच्या दारात ते उभे होते. पांढरा कुर्ता, खाली खाकी पँट, पायात जाड रबरी तळव्याचे बूट, आणि डावा हात मनगटापर्यंत कुर्त्याच्या खिशात. उजव्या हातानं त्यांनी पिशवी उतरवली, उजव्याच हातानं मेन स्विचचं झाकण उघडून आत पाहिलं, झाकण लावलं आणि मान हलवली. डावा हात काही बाहेर आला नाही. मला फार वाईट वाटलं. पुढचे दोन दिवस मी त्यांना लाडू फोडून देत होते, पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून देत होते, एकदा तर पेन्सिलीला टोकही करून दिलं. त्यांनी ही सगळी सेवा निमूटपणे करून घेतली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भाजी घेऊन येताना ते मला बताशेवाल्याच्या, म्हणजे आपल्या पाणीपुरीवाल्याच्या, गाडीपाशी दिसले. डाव्या हातात द्रोण, उजव्या हातात बताशा, आणि दोन्ही हात ठणठणीत. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी तोंडातलं संपवलं आणि शांतपणे म्हणाले, "हा हात बिलकुल ठीक आहे, सूनबाई. याला फक्त कामावर असताना सुट्टी असते."

मग माझ्या लाडवांचं काय, असं मी विचारलं. लाडू उत्तम होते म्हणाले.

नंतर त्यांनी मला ते नीट समजावलं. विजेला एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून बाहेर पडायला फार आवडतं, आणि वाटेत नेमकं काळीज लागतं. म्हणून दुसरा दरवाजा बंद ठेवायचा. एकच हात कामाला, दुसरा खिशात. "ज्याला खिसा नाही त्यानं लाइनला हात लावू नये," हा त्यांचा पहिला नियम. मी म्हटलं, साडीला खिसा नसतो. ते म्हणाले, मग शिवून घ्या, दर्ज्यांचा काय झाशीत दुष्काळ पडलाय?

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. आमचे सुभेदार, म्हणजे माझे यजमान, लष्करात वेल्डर. रणगाड्यांना ठिगळं लावण्यात त्यांची चोवीस वर्षं गेली आणि शेवटची नेमणूक झाशीजवळ बबीनाला झाली. निवृत्तीनंतर सगळे गावी जातात. गावी थोरल्या दिरांनी यांच्यासाठी साखर कारखान्यात पहारेकऱ्याची जागा बघून ठेवली होती आणि माझ्यासाठी चुलीपुढची. तिथे मला दोन जावा, मी धरून तीन. मला काही तिकडे जायचं नव्हतं. बबीनाच्या क्वार्टरमध्ये मी जी मोकळी हवा घेतली होती ती अंगात भिनली होती. मी हट्ट धरला की झाशीत वेल्डिंगचं दुकान काढायचं, मी हिशेब-गिऱ्हाईक बघेन, तुम्ही लोखंड बघा. सुभेदार राजी झाले, पण अट घालून. पहिलं काम वेळेवर आणि इज्जतीनं झालं तर राहायचं, नाही तर गावी. माणूस लष्करातला, त्यामुळे अट म्हणजे अट.

पहिलं काम मिळालं ते सिविल लाइंसमधल्या एका डॉक्टरांच्या बंगल्याचं. मुलीचं लग्न होतं, वरात यायच्या आधी नवं लोखंडी फाटक हवं होतं. सुभेदारांनी होकार दिला आणि उत्साहाच्या भरात त्याच दिवशी जुनं फाटक उपटूनही आणलं. नवं अजून लोखंडाच्या दुकानात होतं, आणि आमच्या वेल्डिंग मशीनला वीज जोडायची होती.

विजेचं असं होतं की खांबावरून तीन फेजची लाइन मंजूर होऊन मीटरपर्यंत आली होती. माणसं आली, चार तारा लोंबत्या ठेवल्या आणि मीटरच्या पुढचं तुमचं तुम्ही बघा म्हणून निघून गेली. सुभेदार म्हणाले, त्यात काय, चार तारा तिकडे आहेत, मशीनला दोन हव्यात, जोडून टाकू. मी विचारलं, चारांतल्या कुठल्या दोन? ते म्हणाले, कुठल्याही. चोवीस वर्षं वेल्डिंग केलं होतं, पण लष्करात वीज जोडून मिळते, यांनी फक्त बटण दाबलं होतं. मी तशीच उठले आणि लोखंडाच्या व्यापाऱ्याला विचारून आले. त्यानं एकच नाव सांगितलं. एका मोठ्या इंजिनीअरिंग कंपनीतून विजेचे फोरमन म्हणून निवृत्त झालेले, तुमच्यातलेच आहेत, मुळेजी.

आमच्यातले म्हणजे मराठी, पण ते आणि आम्ही यांत फार अंतर होतं. त्यांचं घराणं सात पिढ्या झाशीत. त्यांच्या बोलण्यात न्हाणी, ओसरी, राखुंडी असे माझ्या आजीबरोबर गेलेले शब्द यायचे आणि त्याच वाक्याचं शेपूट बुंदेलीत संपायचं. मराठी ही त्यांच्या लेखी देवघरातली आणि रागावण्याची भाषा. जन्मात एकदा ते पुण्याला गेले होते, मुलीच्या लग्नाला. तिथलं त्यांच्या मनात एकच राहिलं होतं, आणि ते पुन्हा पुन्हा सांगायचे, "तिकडे रिक्षावालेसुद्धा मराठी बोलतात, सूनबाई. मी तर घाबरूनच गेलो. वाटलं, काय चुकलं माझं?" घरी ते एकटेच असत. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती.

आल्या आल्या त्यांनी सुभेदारांना बाजूला बसवलं आणि मला स्विचसमोर उभं केलं. का, तर साहेबांना सगळं येतं, त्यांना शिकवता येणार नाही. मग एका हातानं दाखवत म्हणाले, "या तीन तारा बघा. लाल, पिवळी, निळी. या तिघी जावा."

मला तिथल्या तिथे वीज कळायला लागली.

तिघी सारख्याच ताकदीच्या, तिघी एकाच घरात आलेल्या, पण एकीच्या मागून एक, कधीही एका वेळी नाही. एकीच्याच अंगावर सगळं काम टाकलं की ती तापते आणि घर पेटतं, म्हणून काम वाटून द्यायचं. आमच्या मशीनला दोन जावा पुरे होत्या, दोघींच्या मध्ये त्याला उभं करायचं. तिसरीला रिकामी ठेवायची नाही, तिला ग्राइंडर आणि दुकानातले दिवे द्यायचे. चौथी काळी तार म्हणजे सासू, न्यूट्रल. ती काही करताना दिसत नाही, पण ती ढिली पडली की तिघी एकमेकींवर उठतात आणि मधल्या मध्ये बिचारे बल्ब आणि पंखे मरतात. मी म्हटलं, काका, हे तर अगदी आमच्या घरासारखं आहे. ते म्हणाले, सगळ्यांच्याच. मागे स्टुलावर सुभेदार हसत होते. मुळेजींनी त्यांच्याकडे वळून सांगितलं की यात नवऱ्यांचं काही काम नसतं, ते फक्त बिल भरतात.

आणि मग त्यांनी पिशवीतून हिरवी तार काढली. ही कुठून आली, असं मी विचारलं, कारण खांबावरून तर चारच आल्या होत्या. ती तार हातात धरताना त्यांचा आवाज जरा बदलला.

"हे माहेर," ते म्हणाले. "रोज लागत नाही. पण ज्या दिवशी घरात काही उलटंसुलटं होतं, त्या दिवशी सरळ माहेरी जायचा रस्ता उघडा पाहिजे. तो नसला तर बाई गेली."

म्हणजे अर्थिंग. मशीनच्या लोखंडी अंगाला हिरवी तार लावायची आणि ती थेट जमिनीत न्यायची. त्यासाठी दुकानाच्या मागे खोल खड्डा हवा, त्यात पाइप, मीठ आणि कोळसा. झाशीची जमीन म्हणजे वर वीतभर माती आणि खाली नुसता दगड. पहार मारली की ठिणग्या उडत. सुभेदार आणि दोन मजूर तीन दिवस खणत होते आणि मुळेजी कडेला खुर्ची टाकून, अजून, अजून, म्हणत होते. सुभेदार वैतागून म्हणाले की एवढ्यात विहीर झाली असती. मुळेजी म्हणाले, पाणी लागलं तर उत्तमच, माहेर ओलं असावं.

त्या ओलाव्यासाठी रोज सकाळी खड्ड्यात एक बादली पाणी ओतायचं काम माझ्याकडे आलं. मे महिन्याची झाशी, सकाळी सातला ऊन डोळ्यांत शिरतं. मी अंघोळ करून, ओल्या केसांनी बादली घेऊन जाई आणि जमिनीतून वर आलेल्या त्या पाइपावर पाणी घाली. चौथ्या दिवशी पाइपापाशी झेंडूची दोन फुलं होती. पाचव्या दिवशी शेंदूर. सहाव्या दिवशी एक म्हातारी पाया पडून मला विचारत होती, "बहू, जे कौन देवता आएँ?" म्हणजे हे कुठले देव. मुळेजींना हे कळलं तेव्हा ते इतके हसले की खिशातला हात पोटावर ठेवावा लागला. मग डोळे पुसत म्हणाले की बरं झालं, आता हा पाइप कोणी चोरणार नाही.

आता तीन किटकॅटची गोष्ट. मेन स्विचमध्ये चिनी मातीचे पांढरे ठोकळे असतात, एकेका फेजला एक. त्यांत फ्यूजची बारीक तार असते. आमच्याकडे त्यांना किटकॅट म्हणतात. मुळेजींची पद्धत अशी की कामाला हात घालण्याआधी स्विचचा दांडा खाली पाडायचा, तिन्ही किटकॅट उपटायचे आणि कुर्त्याच्या डाव्या खिशात टाकायचे. काम संपेपर्यंत ते खिशात आणि डावा हात त्यांच्यावर. काम संपलं की स्वतःच्या हातानं एकेक परत लावायचा. "जो काढेल तोच घालेल," हा त्यांचा दुसरा नियम, आणि तो त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला. सुभेदारांकडून एकदाच. लष्करी माणसाला एकदा पुरतं म्हणाले.

जोडणीच्या दिवशी सकाळी त्यांनी किटकॅट काढून खिशात टाकले आणि काम सुरू केलं. दुसऱ्या संध्याकाळी डॉक्टरांकडे वरात यायची होती. लोखंड कापून तयार, सुभेदार हातमोजे घालून तयार, मी नारळ, हार, कुंकू घेऊन तयार. नऊच्या सुमारास मुळेजी चहाला म्हणून कोपऱ्यावर गेले. दहा वाजले, अकरा वाजले, मुळेजी परत आले नाहीत. मी फोन लावला. फोन आमच्याच दुकानात, त्यांच्या पिशवीत वाजायला लागला.

धावत त्यांच्या घरी गेले तर कुलूप. शेजारच्या बाईंनी सांगितलं की कोपऱ्यावर एक जीप आली, एक जुने दोस्त उतरले, आज माझ्या नातवाची सगाई, साखरपुडा आहे आणि तुम्ही इथे चहा काय पिताय म्हणून त्यांनी मुळेजींना तसंच उचललं आणि आपल्या गावी, समथरला नेलं. सगाईची तारीख मुळेजी विसरले होते. आता आमचे किटकॅट विसरले होते. आमची तीन फेजची वीज त्यांच्या कुर्त्याच्या खिशात बसून समथरला निघाली होती.

सुभेदार म्हणाले, बाजारात शंभर किटकॅट मिळतात, नवे आणतो. मी म्हटलं, नियम आहे. ते म्हणाले, नियम गेला समथरला. मी म्हटलं, मी पण जाते. आमचं भांडण व्हायला वेळ नव्हता, म्हणून मी त्यांच्याकडून दुपारपर्यंत थांबायचं वचन घेतलं आणि बस पकडली. अंगावर साडी, साडीवर सुभेदारांचा जुना शर्ट, कारण तोवर माझ्याकडे खिशाचं दुसरं काही नव्हतं.

बसनं दोन तास घेतले. समथरच्या बाजारात उतरून मी ढोलकीच्या आवाजाचा माग काढत गेले. मांडवात शिरले तर बायकांनी मला मुलीकडची कुणी तरी समजून कपाळाला टिळा लावला आणि शर्टाबद्दल काही न विचारता पंगतीत बसवलं. समोरच्या रांगेत मुळेजी पुरी खात होते. उजवा हात पुरीवर, डावा हात खिशात. मला पाहून त्यांचा घास हातातच राहिला. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मी बघितलं. त्यांच्या बोटांना खिशात काय लागतंय ते त्यांना आत्ता कळलं होतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सुभेदार होते. डॉक्टरांचा चौथा फोन येऊन गेला होता, फाटक नसल्यामुळे अंगणात गायी शिरल्या होत्या आणि त्यांनी मांडवाची झेंडूची तोरणं खाल्ली होती. वचन दुपारपर्यंतचं होतं आणि दीड वाजून गेला होता. नवे किटकॅट आणून बसवले, मशीनची पूजा केली, नारळ फोडला, आता दांडा वर करतोय, तू जेवून सावकाश ये, असं ते मोठ्या खुशीत सांगत होते.

मी तेच मोठ्यानं मुळेजींना सांगितलं. मुळेजींचा डावा हात खिशातून बाहेर आला. किटकॅटसकट आला, दोन पत्रावळीवर पडले आणि एक थेट रायत्यात. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

पायात काय आहे, असं त्यांनी विचारलं. पूजा केली म्हणून काही नाही, असं उत्तर आलं असणार. मग फरशीबद्दल विचारलं. नारळाचं पाणी. मुळेजींनी क्षणभर डोळे मिटले, आणि मग अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "सुभेदारसाहेब, माहेर जोडलेलं नाही. हात खाली करा. मागे फिरा. दुकानाच्या बाहेर या."

त्यांच्या बोलण्यात हुकूम होता, आणि चोवीस वर्षं हुकूम पाळलेल्या माणसानं तो पाळला. फोनमध्ये आधी काहीच ऐकू आलं नाही. मग रस्त्यावरचे हॉर्न ऐकू आले, म्हणजे ते बाहेर आले होते.

आम्ही पान अर्धं टाकून उठलो. रायत्यातला किटकॅट मुळेजींनी धुऊन, पुसून, कुर्त्याला घासून खिशात ठेवला.  परतीच्या बसमध्ये त्यांनी सांगितलं. कंपनीत त्यांचा एक जोडीदार होता, रामसनेही. पॅनेलच्या मागे बसून काम करत होता. फ्यूज काढून टेबलावर ठेवले होते. कोणी तरी आलं, फ्यूज दिसले, वाटलं राहून गेलेत, आणि भल्या मनानं लावून टाकले. त्या दिवसापासून मुळेजींचे किटकॅट खिशात. "खिसा कशासाठी ठेवला मी, सूनबाई, आणि तोच घेऊन निघून गेलो. गलती साहेबांची नाही, माझी आहे." मी त्यांच्या उजव्या हातावर माझा हात ठेवला आणि बस समथरच्या धुळीतून उडत, आपटत झाशीकडे येत राहिली.

चारच्या सुमारास पोचलो. सुभेदार रस्त्यापलीकडे, बूट घालून, सावधान उभे होते. मुळेजींनी नवे किटकॅट काढले, मशीनच्या मागचं झाकण उघडलं आणि त्यांना बोलावून दाखवलं. हिरवी तार मोकळी लोंबत होती. आणि पिवळ्या तारेच्या अजून न आवळलेल्या टोकाचा एक केसाएवढा तांब्याचा धागा मशीनच्या लोखंडी अंगाला टेकला होता. दांडा वर केला असता तर सगळं मशीन जिवंत झालं असतं, आणि विजेला माहेरी जायला ओल्या फरशीवरचे यांचे अनवाणी पाय तेवढे मिळाले असते. सुभेदार खाली स्टुलावर बसले. पुन्हा उठले आणि त्यांनी मुळेजींना कडक सॅल्यूट ठोकला. मुळेजींनीही ठोकला, उजव्या हातानं. डावा खिशात होता.

मग त्यांनी सगळं आवळलं, आधी माहेर जोडलं, प्रत्येक तार दोनदा ओढून पाहिली, आणि आपले किटकॅट एकेक करून लावले. लालबाई, पिवळीबाई, निळीबाई. निळीला किंचित रायत्याचा वास होता. दांडा वर केला आणि मशीन घुमायला लागलं. मी त्या आवाजावर नाचले, खरंच नाचले, शर्टासकट. सुभेदारांनी अंधार पडेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून काम केलं, आणि दुपारी दोनला फाटक डॉक्टरांच्या बंगल्यावर उभं होतं. रंग मात्र ओला होता. वरातीत नवऱ्या मुलाचे मामा त्याला टेकून फोटो काढायला उभे राहिले आणि पाठीवर पाच काळे पट्टे घेऊन जेवायला बसले. डॉक्टर म्हणाले, फाटक फक्कड झालंय. आम्ही झाशीत राहिलो.

नंतर मुळेजी आमचे झालेच. आठ वर्षं दर दसऱ्याला ते येत, दांडा पाडत, किटकॅट काढून फ्यूजच्या तारा तपासत. मीही शिकत गेले. दर्ज्याकडून मी जाड एप्रन शिवून घेतला, डाव्या बाजूला खोल खिसा, आणि मुळेजींनी तो खिसा आत हात घालून तपासला, मगच पसंत केला. कुठली तार कुठे, ते मी डोळे मिटून सांगू शकत होते. सुभेदारांना स्विचजवळ यायची बंदी होती आणि ती त्यांनी आनंदानं मान्य केली होती. पण दर दसऱ्याला मी विचारी की काका, आज मी घालू का किटकॅट? आणि ते म्हणत, "जल्दी काय आहे? जल्दी करंटला असते, आपल्याला नाही." जो काढेल तोच घालेल, आणि काढत तेच होते.

या वर्षी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. पुण्याची मुलगी न्यायला आली. मुळेजींनी बरीच कुरकुर केली, तिकडे सगळेच मराठी बोलतात, मी भांडणार कुठल्या भाषेत, असं विचारून पाहिलं, आणि शेवटी तयार झाले. निघायच्या दिवशी सकाळी आमच्याकडे चहा प्यायला आले, मागे जाऊन पाइपाला बादलीभर पाणी घातलं, शेंदूर लावलेल्या त्या माहेराला नमस्कार केला. दुकानात एकटेच थोडा वेळ उभे राहिले. ते गेले आणि पाहिलं तर दुकानातली वीज गेलेली. आम्ही मे महिन्याला शिव्या घातल्या आणि तशीच मी स्टेशनवर गेले, एप्रनही न काढता.

गाडी हलेपर्यंत ते खिडकीत बसून मला तिखटाची बरणी कशी बंद करायची ते सांगत होते. गाडी हलली तसा त्यांचा डावा हात खिशातून बाहेर आला आणि रुमालाची एक जड पुरचुंडी त्यांनी माझ्या ओंजळीत टाकली.

"दुकानातली वीज गेलेली नाही, सूनबाई," ते म्हणाले. "माझ्या खिशात होती. आता तुमच्या हातानं घाला."

मी गाडीबरोबर चार पावलं धावले. काय बोलले ते मला आठवत नाही. पुरचुंडी एप्रनच्या खिशात टाकली आणि रिक्षा करून दुकानात आले. सुभेदारांना बाहेर काढलं. दांडा खाली आहे का ते दोनदा पाहिलं, रबरी बूट घातले. लाल लावली, पिवळी लावली. निळी हातात घेतली आणि फोन वाजला. गाडी बबीना स्टेशनात थांबली होती.

त्यांनी वीज आली का ते विचारलं नाही. विचारलं, "डावा हात कुठे आहे?"

मी पाहिलं. डाव्या हातात फोन होता. तसं सांगितलं.

"मग फोन ठेवा," मुळेजी म्हणाले आणि त्यांनी तो स्वतःच ठेवून दिला.

मी फोन खाली ठेवला, हात खिशात घातला, निळीबाईंना जागेवर बसवलं आणि दांडा वर केला. मशीन घुमायला लागलं. काम पुरतं संपल्याशिवाय तो हात बाहेर काढायचा नसतो, म्हणून डोळे मी नंतर पुसले.